डायनासोरच्या शिकारीची बंदूक: पार्श्वभूमी

विज्ञानकथांमधले शिकारी कोट्यवधी वर्षं मागे जातात, पण त्यांच्या खांद्याला असते ती संस्थानी काळातली दुनळी रायफल. त्या काळाच्या खुणा कोल्हापुरात न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेल्या जनावरांत दिसतात. दाजीपूरचं जंगलही १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य होण्याआधी दरबारचं शिकारीचं रान होतं. मोठा गवा टनभराचा, तर टी. रेक्स हा मांसाहारी डायनासोर आठ टनांच्या घरात. सगळं गणित या फरकाचं.

१९०७ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या तोंडाचं माप, इंचात) खासगी रायफलींवर बंदी घातली. बंडखोरांकडच्या मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलींना त्या मापाचा दारूगोळा मिळू नये, हा हेतू. मग बंदूकवाले .४७० आणि .५००/.४६५ कडे वळले. त्या वेळची सर्वांत दांडगी शिकारी रायफल, .६०० नायट्रो एक्सप्रेस, मात्र आधीपासून होती: गोळी ५८ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ५९० मीटर, रायफल सात किलोंच्या आसपास.

१९१२ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी या बंदुकाच निकामी ठरवल्या. त्यांचे सरपटणारे राक्षस गोळ्यांना दाद देत नाहीत, विषारी बाणांनी मरतात. रे ब्रॅडबरी यांच्या १९५२ च्या कथेतला वाटाड्या सांगतो, पहिल्या दोन गोळ्या डोळ्यांत, मग मेंदूत. शिकार झाल्यावर गोळ्या उकरून परत आणायच्या, कारण भूतकाळात काही सोडायचं नाही. एल. स्प्रेग डी कॅम्प यांनी १९५६ साली ‘अ गन फॉर डायनासोर’मध्ये खरी मेख ओळखली. त्यांचा वाटाड्या हलक्या अंगाच्या गिऱ्हाइकाला डायनासोरच्या शिकारीला नेतच नाही. .६०० चा धक्का साध्या शिकारी रायफलीच्या चौपटीहून जास्त. तो ज्याला पेलत नाही, त्याचा दुसरा बार भलतीकडेच जातो.

यातली तांत्रिक बाजू आजही तंतोतंत लागू पडते. दुनळीला दोन चाप असतात. पुढचा ओढला की धक्क्यात कधी कधी तेच बोट मागच्या चापावर आपटतं आणि दोन्ही बार एकदम उडतात. मग हातात रिकामी रायफल उरते, जनावर समोरच. गोळी पूर्ण धातूच्या कवचाची, म्हणजे शिकाऱ्यांच्या भाषेत ‘ठोस’च हवी. मऊ टोकाची गोळी आदळताच फुलून पसरते आणि जबड्याच्या स्नायूंतच अडकते. त्या काळच्या काडतुसांत कॉर्डाइट ही बिनधुराची दारू असे. ती उन्हात तापली की बाराचा दाब वाढे, रिकामं काडतूस नळीत घट्ट बसे. म्हणूनच उष्ण प्रदेशासाठी दारू कमी भरत.

नेमाची जागा त्याहून अवघड. टी. रेक्सची कवटी सव्वा मीटरच्या वर, मेंदू मात्र वीतभर लांबीचा, पार मागे, हाड आणि स्नायूंच्या आड. समोरून तो सापडणं कठीण. हृदयावर बार काढावा, तर हृदयात गोळी बसलेला हत्तीसुद्धा काही अंतर पळतो. आमच्या मते चाल करून येणाऱ्या जनावराचं खुब्याचं किंवा मांडीचं हाड फोडावं. दोन पायांवर पेललेलं आठ टनांचं धड एका पायावर उभं राहत नाही. मेंदूचा बार ते खाली पडल्यावर, बाजूने. आणि शेजारी भरलेली दुसरी रायफल घेतलेला माणूस हवाच, कारण तिसऱ्या बारासाठी दुनळी उघडून काडतुसं भरावी लागतात.