संकटकाळातील ज्यू प्रार्थना

ज्यू धर्मात आजाऱ्याला बरे वाटावे आणि जगात शांती नांदावी यासाठी केल्या जाणाऱ्या प्रार्थना. दररोजच्या उपासनेतील ठरलेली आशीर्वचने, सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) आजाऱ्याचे नाव घेऊन केलेली विनंती, स्तोत्रपठण आणि दुष्काळ, साथ किंवा युद्ध ओढवल्यावर साऱ्या गावाने मिळून केलेले उपवास, असे त्यांचे अनेक प्रकार आहेत. त्या वेगवेगळ्या शतकांत आणि देशांत घडल्या, तरी फक्त स्वतःपुरते मागणे त्यांत क्वचितच आढळते.

यांतील सर्वांत जुनी आणि सर्वांत छोटी प्रार्थना तोरामध्ये, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांत, आहे. मिर्यामला त्वचारोग जडला तेव्हा तिचा भाऊ मोशे याने परमेश्वराचा धावा केला : ‘एल ना रेफा ना ला’, म्हणजे ‘देवा, कृपा कर, तिला बरे कर’ (गणना 12:13). मूळ हिब्रूत हे अवघे पाच शब्द आहेत. मिर्यामने नुकतीच मोशेविरुद्ध कुरबुर केली होती, तरी तिच्यासाठी देवाकडे धावा त्यानेच केला. पुढे सात दिवस तिला छावणीबाहेर राहावे लागले आणि ती परत येईपर्यंत लोकांनी तळ हलवला नाही.

नित्य उपासनेचा गाभा म्हणजे ‘आमिदा’. जेरुसलेमकडे तोंड करून, उभ्याने, दिवसातून तीन वेळा ती म्हणतात. तिचे जुने नाव ‘अठरा’ या अर्थाचे असले तरी आज तिच्यात एकोणीस आशीर्वचने आहेत. आठवे आशीर्वचन रोगमुक्तीचे असून ते यिर्मया संदेष्ट्याच्या वचनावर बेतले आहे. यिर्मया म्हणतो, ‘मला बरे कर म्हणजे मी बरा होईन’. प्रार्थनेत याचे ‘आम्हांला बरे कर’ असे अनेकवचन झाले. घरात कोणी आजारी असेल तर त्याचे नाव येथे घालता येते, पण ‘इस्राएलातील इतर आजाऱ्यांसह’ हे शब्द जोडूनच.

आजाऱ्यासाठीची सर्वाधिक प्रचलित प्रार्थना म्हणजे ‘मिशेबेराख’. ‘अब्राहाम, इसहाक आणि याकोब या आमच्या पूर्वजांना ज्याने आशीर्वाद दिला, तोच या आजाऱ्यालाही देवो’ अशी तिची सुरुवात असते. आजकाल अनेक ठिकाणी सारा, रिबेका, राहेल आणि लेआ या पूर्वजमातांचीही नावे घेतात. तोरा-वाचनाच्या वेळी ती म्हणतात आणि आजाऱ्याचे नाव बहुधा त्याच्या आईच्या नावासह घेतात. एरवी धार्मिक विधींत वडिलांचे नाव लागते, येथे मात्र आई पुढे येते. मागणे आत्म्याच्या आणि शरीराच्या अशा दोन्ही आरोग्याचे असते. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी आर्जव करायचे नसते, म्हणून त्या दिवशी ‘आज शब्बाथ आहे, आक्रोश नको, आरोग्य लवकरच येवो’ असे वाक्य घालतात. नियम मोडायचा नाही आणि आजाऱ्याला विसरायचेही नाही, यातून काढलेली ही वाट फार कनवाळू आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेबी फ्रीडमन यांनी या प्रार्थनेला हिब्रू-इंग्रजी गीताचे रूप दिले आणि सुधारणावादी सिनेगॉगमध्ये सगळी सभा ते एकत्र गाऊ लागली.

आजाऱ्याच्या उशाशी कोणत्या भाषेत प्रार्थना करावी, यावर तालमूद या रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या प्राचीन संग्रहात एक चर्चा आहे. देवदूतांना अरामी भाषा कळत नाही, म्हणून मागणे हिब्रूत करावे, असे एक मत तेथे येते. त्यावर उत्तर दिले आहे की, आजाऱ्याची गोष्ट वेगळी. खुद्द देवाचे सान्निध्य त्याच्या उशाशी असते, म्हणून मध्यस्थाची गरज नाही. आजाऱ्याला भेटायला जाणाराही साठाव्या हिश्शाने त्याचा आजार हलका करतो, असे तालमूद सांगते. म्हणूनच प्रार्थना आणि भेट यांची येथे ताटातूट होत नाही.

संकट साऱ्या गावावर आले तर काय करायचे, हे मिश्ना या तालमूदच्या मुळाशी असलेल्या नियमसंग्रहाच्या ‘ताअनीत’ (उपवास) या प्रकरणात सांगितले आहे. पाचशे पायदळ उभे करू शकणाऱ्या गावात लागोपाठ तीन दिवसांत तीन माणसे दगावली तर ती साथ समजावी, एवढा नेमका निकष तेथे दिला आहे. दुष्काळ लांबला की तोराची पेटी गावच्या चौकात आणत, तिच्यावर राख टाकत, आणि सर्वांत वडीलधारा माणूस लोकांना सांगे : निनवे शहराच्या पश्चात्ताप केलेल्या लोकांचे गोणपाट आणि उपवास देवाने पाहिले, असे शास्त्रात म्हटलेले नाही, त्यांनी आपली वाईट वाट सोडली, ही त्यांची कृती त्याने पाहिली. हे भाषण उपवासाच्याच दिवशी, राख माथी घेतलेल्या लोकांपुढे होत असे, यात त्याचे मोल आहे. त्यानंतरची प्रार्थना ‘मोरिया डोंगरावर अब्राहामाला ज्याने उत्तर दिले, तो तुम्हांलाही उत्तर देवो’ अशी चढत जाते आणि तिची घडण मिशेबेराखला जवळची आहे.

काही मागण्या मात्र मिश्ना नाकारते. गावाकडे परतताना दुरून रडण्याचा आवाज ऐकू आला आणि ‘हे माझ्या घरातले नसो’ असे कोणी म्हटले, तर ती व्यर्थ प्रार्थना ठरते. जे घडायचे ते घडून गेले आहे, हे त्याचे सांगितलेले कारण. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते : माझ्या घरात नसेल तर ते दुसऱ्याच्या घरात असणार, आणि तसे मागता येत नाही.

शांतीच्या प्रार्थनांचा उगम याजकांच्या आशीर्वादात (गणना 6:24–26) आहे. त्याचा शेवटचा शब्द ‘शालोम’ आहे. जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोम येथे 1979 मध्ये सापडलेल्या चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्यांवर त्याच्या ओळी कोरलेल्या आहेत. त्या इसवी सनापूर्वी सुमारे सहाशे वर्षांच्या मानल्या जातात. आमिदाचे शेवटचे आशीर्वचनही शांतीचेच. ते संपल्यावर भक्त तीन पावले मागे सरून डावीकडे, उजवीकडे आणि समोर झुकत ‘जो उंच स्वर्गांत शांती राखतो, तो आम्हांलाही शांती देवो’ असे म्हणतो. युद्धाविरुद्धची सर्वांत थेट प्रार्थना एकोणिसाव्या शतकातील आहे. ब्रेस्लोवचे रब्बी नाथान यांनी जगातून लढाई आणि रक्तपात नाहीसा व्हावा, असे मागणे आपल्या गुरूच्या शिकवणीवरून रचले. ‘आहेनू’ (आमचे बंधू) ही प्रार्थना समुद्रावर किंवा जमिनीवर संकटात अथवा कैदेत असलेल्यांसाठी आहे. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्राएलवर केलेल्या हल्ल्यानंतर ओलिसांच्या सुटकेसाठी ती जगभर गायली गेली.

संकट टळल्यावर आभार मानणेही बंधनकारक आहे. समुद्रप्रवास करून आलेला, वाळवंट पार केलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला, अशा चौघांनी ‘गोमेल’ हे आशीर्वचन किमान दहा जणांच्या सभेत म्हणायचे असते, आणि ऐकणाऱ्यांनी त्याला शुभेच्छेचे उत्तर द्यायचे असते.

महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाने हा कृतज्ञतेचा धागा आपल्या पद्धतीने जपला. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शब्बाथला काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील सामाजी हसाजी दिवेकर (सॅम्युएल एझिकेल) टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. तेथून सुटल्यावर त्यांनी 1796 मध्ये मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. ‘शआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे नाव. पुढे जोसेफ एझिकेल राजपुरकर (1834–1905) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणल्यामुळे अर्थ समजून प्रार्थना करणे घरोघरी शक्य झाले.

या समाजाचा खास विधी म्हणजे मलिदा. आजारपण सरले, नवस फेडायचा असला किंवा घरात मंगलकार्य असले की भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, सुकामेवा आणि फळे ताटात मांडतात, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची गीते म्हणतात आणि आशीर्वचनानंतर ते सर्वांना वाटतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहू येऊन गेला, अशी श्रद्धा असून तेथील खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या मानतात. इस्राएलमध्ये स्थायिक झालेली बेने इस्राएल कुटुंबेही मलिदा करतात, आणि भारतात आली की खंडाळ्याला जातात.