धार्मिक संस्थांची गुंतवणूक आणि लष्करी ड्रोन

चर्च, मिशन, मठ, ट्रस्ट असल्या धार्मिक संस्थांकडे साठलेला पैसा शेअर्स आणि फंडांच्या वाटेने लष्करी ड्रोन किंवा त्याचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांपर्यंत जातो, त्या प्रकाराची ही नोंद. विषय ऐकून वाटतं कोणी बिशप ड्रोनचा कारखाना काढून बसलाय, तसं काही नसतं हो. पाद्र्यांची पेन्शन द्यायची असते, शेकडो वर्षं जुन्या इमारती सांभाळायच्या असतात, पैसा नुसता बँकेत ठेवून भागत नाही, म्हणून तो बाजारात जातो. चर्च ऑफ इंग्लंडचे चर्च कमिशनर्स १९४८ साली दोन जुने फंड एकत्र करून झाले आणि आज त्यांच्याकडे १००० कोटी पौंडांहून जास्त रक्कम आहे. एवढा पैसा फिरवायचा म्हटल्यावर तो कुठे कुठे जातो हे बघायलाच वेगळी माणसं ठेवावी लागतात.

शस्त्रांपासून पैसा लांब ठेवायचा हा विचार जुनाच आहे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १६६१ मध्ये इंग्लंडच्या राजाला लेखी कळवलं होतं की आम्ही कुठल्याच लढाईत नाही, त्यामुळे त्यांचे फंड शस्त्रकंपन्यांच्या वाटेला जात नाहीत. अमेरिकेत १९७१ मध्ये पॅक्स वर्ल्ड नावाचा म्युच्युअल फंड निघाला तो मेथडिस्ट चर्चमधल्या दोघांनी काढला, कारण व्हिएतनाम युद्धावर कमाई करणाऱ्या कंपन्यांत त्यांना पैसे नको होते. इस्लामी पद्धतीचे बहुतेक इंडेक्ससुद्धा (म्हणजे फंड ज्यांच्यावर चालतात त्या कंपन्यांच्या याद्या) दारू, जुगारासोबत शस्त्रास्त्रं गाळतात. व्हॅटिकनचं नवीन गुंतवणूक धोरण १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालं, त्यातही शस्त्रउद्योग नको असंच आहे.

मग अडतं कुठे? तर चाळणीत. चर्च ऑफ इंग्लंडचा नियम बरीच वर्षं असा होता की अणुबाँब, क्लस्टर बाँब, भूसुरुंग यांच्याशी संबंध असेल तर कंपनी सरळ बाद, आणि बाकीच्यांच्या बाबतीत लष्करी विक्री एकूण उलाढालीच्या १० टक्क्यांच्या वर गेली तर बाद. रणगाडे आणि फायटर विमानांच्या काळात हे ठीक होतं, कारण असलं सामान बनवणारी कंपनी लपत नाही. ड्रोनचं तसं नाही, त्याचे अर्धेअधिक पार्ट साध्या बाजारातले.

इंजिनाचंच घ्या. अमेरिकेच्या प्रेडेटर ड्रोनला मागे ढकलणारा पंखा असायचा आणि तो फिरवायला ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं ९१४ मॉडेलचं चार सिलिंडरचं, ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे हौशी लोक आपल्या छोट्या विमानांना बसवतात तेच. रोटॅक्सची मालक कंपनी कॅनडाची बीआरपी, जी बर्फावरच्या आणि पाण्यावरच्या स्कूटर विकते. तुर्कस्तानच्या बायरक्तार टीबी२ मध्येही रोटॅक्सचंच इंजिन होतं. २०२० मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजानमधल्या नागोर्नो-काराबाखच्या युद्धात हे ड्रोन गाजले आणि बीआरपीने ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की वापर नक्की कशासाठी होणार ते स्पष्ट नाही अशा देशांना आम्ही विमानाची इंजिनं देणं थांबवतोय. आता सांगा, स्नोमोबाइल विकणारी कंपनी १० टक्क्यांच्या चाळणीत कशी अडकणार? फंड मॅनेजरची काही चूक नाही, त्याच्या कागदावर ती खेळाच्या वस्तूंची कंपनी असते.

दुसरी पळवाट म्हणजे दुसऱ्याच्या हातून गेलेला पैसा. २०१३ मध्ये कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे मुख्य धर्मगुरू, जस्टिन वेल्बी यांनी वोंगा या महागडं कर्ज देणाऱ्या कंपनीला आम्ही स्पर्धेत हरवू असं सांगितलं, आणि लगेच बाहेर आलं की चर्चचाच पैसा एका व्हेंचर फंडातून (नव्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्या फंडातून) वोंगात आहे. रक्कम जेमतेम ७५,००० पौंड, पण शोभा व्हायची ती झालीच, आणि त्यातून बाहेर पडायला २०१४ उजाडलं. ते प्रकरण कर्जाचं होतं, ड्रोनचं नाही, पण रस्ता हाच. स्विचब्लेड हा आत्मघाती ड्रोन बनवणारी एरोव्हायरनमेंट २००७ पासून नॅसडॅक या अमेरिकन शेअर बाजारावर आहे, म्हणजे संपूर्ण अमेरिकन बाजाराचा इंडेक्स फंड घेतला की तिचा तुकडा आपोआप हातात येतो.

हे सगळं बाहेरच्याला कळतं कसं, तर अमेरिकेत १३एफ नावाचा फॉर्म असतो. १० कोटी डॉलरच्या वर शेअर्स सांभाळणाऱ्याला दर तिमाहीनंतर ४५ दिवसांत यादी द्यावी लागते आणि ती कोणीही वाचू शकतो. मॉर्मन चर्चच्या एन्साइन पीक या गुंतवणूक संस्थेने हीच यादी वर्षानुवर्षं १३ वेगळ्या कंपन्यांच्या नावांखाली वाटून दिली होती, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये चर्च आणि संस्था मिळून ५० लाख डॉलर दंड बसला. माझ्या मते दंड किरकोळच, पण यादी त्याआधीच, २०२० पासून, एका नावाखाली यायला लागली होती. अर्थात या फॉर्ममध्ये खासगी कंपन्यांतली हिस्सेदारी दिसत नाही.

विरोधाचं म्हणाल तर चर्च ऑफ द ब्रेदरन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाने २०१३ मध्ये ड्रोनयुद्धाविरुद्ध ठराव केला आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या जगभरातल्या चर्चांच्या संघटनेनेही २०१४ मध्ये निवेदन काढलं. पण ठरावापेक्षा कंपनीला जास्त डोकेदुखी होते ती शेअरहोल्डर म्हणून सभेत येणाऱ्या नन्सची. त्या मुद्दाम थोडे शेअर घेतात (अमेरिकेत तीन वर्षं धरून ठेवले तर २,००० डॉलरचे पुरतात) आणि वार्षिक सभेत ठराव टाकतात की तुमचा माल कुठे वापरला जातो ते सांगा. हरतात बहुतेक वेळा, पण उत्तर द्यायला लावतात. ही युक्ती रीपर या अमेरिकेच्या लष्करी ड्रोनच्या बाबतीत मात्र चालत नाही, कारण तो बनवणारी जनरल ॲटॉमिक्स १९८६ पासून ब्लू बंधूंच्या मालकीची खासगी कंपनी आहे आणि तिचा शेअर बाजारात मिळतच नाही.