बिमची सक्ती: इमारतीचा मालक असलेलं सरकार आणि नकाशा मंजूर करणारं सरकार

‘सरकारने बिम सक्तीचं केलं’ ही बातमी कानावर आली की मी आधी विचारतो, सरकारने हे मालक म्हणून सांगितलंय की मंजुरी देणारं म्हणून? कारण या दोन वेगळ्या सक्त्या आहेत. दोन्हींत त्रिमितीय मॉडेल मागतात आणि परिपत्रकांतले शब्दही जवळपास तेच असतात. त्यामुळे आर्किटेक्टचं ऑफिस एका सक्तीसाठी मॉडेल तयार करतं आणि तेच दुसरीकडे चालेल असं धरून बसतं. ते चालत नाही, आणि महिन्यांची मेहनत वाया जाते.

बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. इथे दोन समांतर रेषा ओढून भिंत दाखवत नाहीत. संगणकाला ‘ही भिंत आहे’ असं सांगून तिची जाडी, साहित्य आणि आगीत ती किती वेळ टिकेल हे तिच्यासोबत नोंदवतात. ही माहिती कुणाच्या कामासाठी भरायची, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

मालक म्हणून पुढे आलेल्या सरकारचं ठळक उदाहरण ब्रिटनचं. मे २०११मध्ये तिथल्या सरकारने बांधकाम धोरण जाहीर केलं आणि केंद्रीय खात्यांच्या प्रकल्पांवर २०१६पर्यंत बिम वापरलंच पाहिजे अशी अट घातली. एप्रिल २०१६पासून ती लागू झाली. हा नगररचनेचा नियम नव्हता. सरकार स्वतः पैसे मोजून शाळा, तुरुंग, रुग्णालयं बांधून घेत होतं आणि खर्च आटोक्यात आणायचा होता, म्हणून निविदेतच ही मागणी आली. खासगी बिल्डरवर तिचं बंधन नव्हतं. फिनलंडमध्ये सरकारी इमारती सांभाळणाऱ्या सेनाट्टी या संस्थेने तर २००७मध्येच आपल्या प्रकल्पांसाठी मॉडेल मागायला सुरुवात केली होती.

सिंगापूरने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. तिथे २००१पासून कोरनेट या यंत्रणेवर नकाशे ऑनलाइन सादर होऊ लागले. पुढे मोठ्या इमारतींपासून टप्प्याटप्प्याने मॉडेलची अट आली, आणि २०१५पर्यंत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या प्रकल्पांना ती लागू झाली. यात खासगी इमारतीही आल्या, कारण मंजुरी सगळ्यांनाच लागते. डिसेंबर २०२३मध्ये कोरनेट एक्स सुरू झालं. त्यात वेगवेगळ्या खात्यांकडे वेगवेगळे नकाशे नेण्याऐवजी आर्किटेक्ट आणि वेगवेगळ्या शाखांचे इंजिनिअर यांचं मिळून एकत्र मॉडेल द्यायचं असतं.

फरक नीट कळायला जिन्यापाशी असलेला एकच अग्निरोधक दरवाजा घेऊ. मंजुरी देणाऱ्याला हवं असतं ते असं: उघडल्यावर मोकळी रुंदी किती, तो कुठल्या दिशेला उघडतो, किती मिनिटं आग अडवतो, मजल्याच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून तिथवर पोचायला किती अंतर चालावं लागतं. तो कुठल्या कंपनीचा आहे याच्याशी मंजुरीच्या टेबलावर सहसा कुणाला देणंघेणं नसतं. मालकाला मात्र तेच लागतं: कंपनी, मॉडेल क्रमांक, हमीची मुदत, बिजागरी कधी तपासायची, बदलायची वेळ आली तर मागवायचा कुठून. ब्रिटनने यासाठी कोबी नावाचा तक्ता ठरवला होता, आणि तो एक्सेलसारख्या साध्या स्प्रेडशीटमध्येही भरता येतो. चित्रापेक्षा त्या तक्त्यातल्या ओळी मालकाच्या जास्त उपयोगाच्या.

वेळेचंही तसंच. मंजुरीचं मॉडेल एका तारखेला गोठतं, कारण त्यावर कायदेशीर शिक्का बसतो. मालकाचं मॉडेल बांधकाम संपेपर्यंत बदलत राहतं, आणि ताबा देताना त्यात प्रत्यक्ष जे बांधलं तेच दिसावं लागतं. मंजूर झालेली फाइल तशीच मालकाच्या हाती ठेवली, तर त्याला मिळतो तो केवळ एक जुना हेतू.

संगणकच नियम तपासेल, ही आशा मंजुरीच्या बाजूची. जिन्याची रुंदी, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), मजल्याची उंची असं मोजता येणारं तो उत्तम तपासतो. पण ‘पुरेसा उजेड’ किंवा ‘परिसराला साजेसं’ असं नियमात लिहिलेलं असेल, तर माणूसच लागतो. शिवाय झोपायच्या खोलीला कुणी ‘स्टोअर’ असं नाव दिलं, तर संगणक तिला स्टोअरचाच नियम लावतो. म्हणून मंजुरीच्या मॉडेलमध्ये नावं आणि वर्गवारी ठरवून दिल्याप्रमाणेच भरणं हे अर्धं काम आहे.

दोन्ही बाजूंना सांधणारी गोष्ट म्हणजे आयएफसी, कुठल्याही एका सॉफ्टवेअरला बांधलेला नसलेला खुला फाइल प्रकार. तो २०१३मध्ये पूर्ण आंतरराष्ट्रीय मानक झाला. पण आयएफसी फक्त डबा आहे. आत काय भरायचं ते मागणाऱ्याने लिहून द्यावं लागतं. मालकाच्या बाजूने ते कसं लिहायचं हे आयएसओ १९६५० हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं.

सुरुवात मालकाच्या बाजूने व्हावी असं माझं ठाम मत आहे. मालक त्या कामाचे पैसे देतो, आणि मिळालेली माहिती पुढची अनेक वर्षं वापरतो. मंजुरीची सक्ती आधी आली, तर छोट्या ऑफिसांवर सॉफ्टवेअरचा खर्च पडतो, आणि पुष्कळदा आधी जुन्या पद्धतीचे नकाशे काढून मॉडेल शेवटी फक्त सादर करण्यापुरतं बनतं.

तरीही या दोन मागण्या कायम वेगळ्याच राहतील असं नाही. १४ जून २०१७ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. तिथल्या काही घरांचे दरवाजे आपोआप बंद होत नव्हते, हे चौकशीत पुढे आलं. त्यानंतरच्या २०२२च्या कायद्याने इंग्लंडमधल्या १८ मीटर किंवा ७ मजले आणि त्याहून उंच निवासी इमारतींची सुरक्षेची माहिती डिजिटल स्वरूपात जपणं बंधनकारक केलं. त्यात बिमची सक्ती नाही. पण कुठला दरवाजा बसवला, तो शेवटचा कधी तपासला, हे मालकाचे प्रश्न आता तिथे नियामकही विचारू शकतो, लोक राहायला आल्यानंतरही.