आधी मुलाच्या खेळात शिरा

मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे असं निदान झालं की घरातल्या सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो: हा बोलेल ना? मग आजी-आजोबांपासून काकांपर्यंत सगळे त्याला बोलतं करायच्या मागे लागतात. ‘हा रंग कोणता?’, ‘काऊ कुठंय?’, ‘आई म्हण, आई!’ यामागची तळमळ खरी असते. पण प्रश्नांचा असा मारा सुरू झाला की मूल पाठ फिरवून आपल्या कोपऱ्यात जातं.

याच्या अगदी उलट दिशेनं जाणारा एक प्रयोग गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत झाला. ‘संगथ’ ही गोव्यातली संस्था आणि रावळपिंडीचे संशोधक यांनी मिळून 2 ते 9 वर्षांच्या 65 स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसोबत काम केलं. त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ पद्धत ब्रिटनमधली. ती आपल्याकडच्या घरांना जुळेल अशी बदलून घेतली होती. शिकवायला जात होते ते तज्ज्ञ डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा सत्रं. आई किंवा बाबा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि नंतर पालक आणि कार्यकर्त्यानं मिळून तो पाहायचा, एवढंच.

व्हिडिओत शोधायचं काय? समजा, मूल खेळण्यातली गाडी उलटी धरून तिचं चाक फिरवतंय. आपण पटकन गाडी सरळ करतो आणि म्हणतो, ‘अशी चालवायची.’ तिथेच धागा तुटतो. त्याऐवजी शेजारी बसावं, चाकाकडे आपणही पाहावं, ‘फिरतंय’ एवढा एकच शब्द बोलावा आणि थांबावं. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं. ऐकलेल्या शब्दाचा अर्थ लावायला अनेक स्वमग्न मुलांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकून मोकळे होतो. चाक थांबलं आणि मुलानं आपला हात धरून चाकाकडे नेला, तर तो संवादच आहे. त्याला लगेच उत्तर द्यायचं.

या प्रयोगात पालक मुलाच्या कलानं वागायला शिकले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट थोडा कमी झाला. म्हणजे हा काही रामबाण उपाय नाही. तरीही मला तो फार मोलाचा वाटतो, कारण तालुक्याच्या गावात स्पीच थेरपिस्ट मिळत नसला तरी हे काम घरात सुरू होऊ शकतं.

मूल बोलायला लागतं तेव्हा कधी कधी ऐकलेलं वाक्यच परत म्हणतं. तहान लागली की ‘तुला पाणी हवंय?’ असं विचारतं. ही निव्वळ पोपटपंची आहे असं पूर्वी मानत. 1980च्या दशकात बॅरी प्रिझंट या अमेरिकी वाचा-भाषातज्ज्ञांनी दाखवून दिलं की अशा पुनरुच्चारामागे बऱ्याचदा हेतू असतो: मागणं, होकार देणं, स्वतःला सावरणं. तेव्हा मुलाला टोकू नका. पाणी देताना त्याच्या बाजूनं म्हणा, ‘मला पाणी हवंय.’ आणि हे मराठीतच म्हणा. ‘शाळा इंग्रजी आहे, तर घरीही फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. दोन भाषा कानावर पडल्यामुळे स्वमग्न मुलांचं बोलणं आणखी लांबतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते ती मुलापासून काढून घेऊ नये.

आईला दोष देणंही थांबायला हवं. आईच्या थंडपणामुळे हे होतं, ही समजूत बर्नार्ड रिमलँड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1964 मध्येच खोडून काढली. मेंदूची ही वेगळी घडण मुख्यतः जन्माआधीच सुरू होते, आणि तीत जनुकांचा वाटा मोठा असतो. लशींशी तिचा संबंध नाही.

शाळेत अडचण वेगळी असते. तोंडी सूचना हवेत विरून जाते. चित्र समोर राहतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये एरिक शॉप्लर या मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात याच जाणिवेवर शिकवण्याची पद्धत उभी केली आणि पालकांना त्यात बरोबरीचं स्थान दिलं. वर्गात करायचं ते अगदी स्वस्त आहे. प्रार्थना, गणित, डबा, खेळ, घर अशी चित्रं एका पट्टीवर लावायची आणि एकेक गोष्ट संपली की तिचं चित्र पट्टीवरून काढून घ्यायचं. बाई रजेवर असतील तर तेही सकाळीच चित्रानं सांगायचं. पुढे काय होणार हे कळलं की निम्मी भीती तिथेच सरते.

मग आवाज. शाळेची घंटा, मधल्या सुट्टीतला कल्ला, स्नेहसंमेलनाचे स्पीकर हे काही मुलांना अक्षरशः दुखतात. ज्ञानेंद्रियांची ही वेगळी संवेदनशीलता 2013 पासून निदानाच्या निकषांतच धरली जाते. अशा वेळी मूल कान झाकून किंचाळतं, जमिनीवर लोळतं, तेव्हा ते हट्ट करत नसतं. त्या क्षणी समजावणं आणि शिक्षा करणं दोन्ही व्यर्थ. बोलणं कमी करावं, गर्दी हटवावी, शांत जागी न्यावं. गप्प राहून सगळं सोसणाऱ्या मुलींकडे तर लक्षच जात नाही. त्यांचं निदान बरेचदा उशिरा होतं.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या तरतुदी त्यात आहेत. शाळेकडे त्या मागताना संकोच नको. आणि जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलतात तेव्हा त्यांना एका पानाची चिठ्ठी द्यावी. मुलाला कशाचा त्रास होतो, त्रास वाढतोय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा काय केल्यानं ते शांत होतं, शू लागली हे ते कसं सांगतं. आणि सगळ्यात वर, त्याला काय मनापासून आवडतं: रेल्वेचं वेळापत्रक, पंखे, नकाशे, जे असेल ते. बाईंची त्याच्याशी ओळख तिथूनच होऊ द्यावी.