आपत्कालीन निर्णयाधिकारांची विभागणी

पूर, भूकंप, साथरोग यांसारख्या संकटात कोणता निर्णय राष्ट्रीय शासनाने आणि कोणता स्थानिक शासनाने घ्यावा, हे ठरविणारी कायदेशीर व प्रशासकीय व्यवस्था. धोक्याची पहिली खबर बहुधा स्थानिक यंत्रणेला लागते; सैन्य, हेलिकॉप्टर आणि मोठा निधी मात्र केंद्राच्या हाती असतो.

या व्यवस्थेचा आधार म्हणून सहायकतेचे तत्त्व सांगितले जाते : खालच्या स्तरावर नीट होऊ शकणारे काम वरच्या स्तराने स्वतःकडे घेऊ नये. त्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो जर्मन विचारवंत योहानेस आल्थुसिउस (१६०३) याच्या संघराज्यविचारात शोधतात. तथापि तत्त्वाची नेमकी मांडणी पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या परिपत्रकात आढळते. आल्थुसिउसशी जोडलेले नाते बव्हंशी नंतरच्या वाचनातून आले असावे. १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने हे तत्त्व युरोपीय समुदायाच्या कायद्यात आणले. खालचा स्तर अपुरा पडल्यास वरच्याने मदतीला धावावे, हा त्याचा दुसरा अर्धा भाग चर्चेत मागे पडतो. संकटात खरे महत्त्व त्यालाच आहे.

जपानने हा भाग कायद्यात स्पष्ट लिहिला. १९५९ च्या इसे उपसागरातील वादळात ५,००० हून अधिक माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली. त्यानंतर झालेल्या १९६१ च्या आपत्ती-निवारणविषयक मूलभूत कायद्याने स्थलांतराचा आदेश देण्याचा अधिकार नगरप्रमुखाला दिला, आणि नगरपालिकाच कोलमडल्यास तो प्रांताच्या राज्यपालाने वापरावा अशी तरतूद या कायद्यात आहे. जर्मनीत अशी स्पष्टता नव्हती. फेब्रुवारी १९६२ च्या महापुरात हॅम्बुर्गचे पोलीसमंत्री हेल्मूट श्मिट यांनी स्पष्ट घटनात्मक आधार नसताना सैन्य बोलावले. जीव वाचले, सैन्याच्या मदतीची घटनात्मक तरतूद १९६८ मध्ये झाली.

अमेरिकेत १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानुसार संघीय मदतीसाठी सामान्यतः राज्याच्या गव्हर्नरने विनंती करावी लागते.

भारताच्या संविधानातील सातव्या अनुसूचीत, म्हणजे केंद्र व राज्ये यांच्यातील विषयवाटणीत, आपत्ती व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय नाही. २००५ च्या कायद्याने राष्ट्र, राज्य व जिल्हा या स्तरांवर प्राधिकरणे नेमली. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, तर सहअध्यक्ष स्थानिक संस्थेचा निर्वाचित प्रतिनिधी असतो. मार्च २०२० मधील देशव्यापी टाळेबंदीचे आदेश याच कायद्याखाली केंद्राकडून निघाले.