लिनक्सवरची जुनी पॅकेजं : साठली का आणि काढायची कुणी ठरवलं

लिनक्सची डिस्क भरत आली की पहिला सल्ला मिळतो तो जुनी पॅकेजं, म्हणजे प्रोग्राम आणि त्याच्या फायलींचे तयार गठ्ठे, काढून टाकण्याचा. पॅकेजं सांभाळणाऱ्या साधनांच्या ‘ॲप्ट क्लीन’ किंवा ‘डीएनएफ क्लीन’ या आज्ञा चालवल्या तर बहुतेक वेळा काही बिघडतही नाही. पण ही साफसफाई प्रत्येक डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक वितरणात, वेगळी का, एका ठिकाणी जुनी फाइल आपोआप जाते आणि दुसरीकडे वर्षानुवर्षं पडून राहते ती कशामुळे, हे समजायला जरा मागे जावं लागतं. या फायली कुणाच्या निष्काळजीपणामुळे साठलेल्या नाहीत. त्या मुद्दाम ठेवल्या जात होत्या, आणि ठेवण्याचं कारण आजही पुरतं संपलेलं नाही.

सुरुवातीच्या काळात साफ करायला पॅकेजच नव्हतं. सोर्स कोडचा टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल) उतरवायचा, कंपाइल करायचा म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्राम बनवायचा, ‘मेक इन्स्टॉल’ म्हणायचं. प्रोग्राम एका डिरेक्टरीत, लायब्ररी दुसरीकडे, मॅन पेज (माहितीचं पान) तिसरीकडे जाऊन बसायचं आणि कुठली फाइल कशासोबत आली याची नोंद कुठेच राहायची नाही. जुलै १९९३मध्ये आलेल्या स्लॅकवेअर या डिस्ट्रोने तयार बाइनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेली, पॅकेजं दिली. प्रत्येक पॅकेजमागे फायलींची एक साधी यादी ठेवायची आणि काढताना ती यादी वाचून फायली पुसायच्या, असा त्याचा सरळ हिशोब. कुठलं पॅकेज कशावर अवलंबून आहे हे मात्र ते पाहत नव्हतं, आजही पाहत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इयन मरडॉक यांनी डेबियन या डिस्ट्रोची घोषणा केली आणि त्यातून डीपीकेजी हे पॅकेजं बसवणारं-काढणारं साधन घडलं. १९९५मध्ये रेड हॅट या डिस्ट्रोचं तसंच साधन, आरपीएम, आलं. ‘ही फाइल कुणाची’ हा प्रश्न या दोघांनी कायमचा सोडवला. आज आपण कुठलंही पॅकेज निर्धास्तपणे काढतो, ते या कामाच्या जोरावर.

तरीही जुन्या पॅकेजांचा ढीग तेव्हा नव्हता. पॅकेजं फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून यायची, इन्स्टॉल झाली की डिस्कवर मूळ फाइल उरायची नाही. ढीग सुरू झाला तो पॅकेजं नेटवरून येऊ लागल्यावर. मार्च १९९९च्या डेबियन २.१मध्ये ॲप्ट आलं. हवं ते पॅकेज आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजं ते स्वतः शोधून उतरवायचं, कॅशच्या (उतरवलेल्या फायलींच्या साठ्याच्या) डिरेक्टरीत ठेवायचं आणि मग डीपीकेजीच्या हाती द्यायचं. काम झाल्यावर फाइल तिथेच राहायची. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने काही मेगाबाइट उतरवायलाही बराच वेळ जाण्याचे ते दिवस. एकदा हाती आलेली फाइल पुन्हा इन्स्टॉल करायला किंवा शेजारच्या मशीनवर न्यायला उपयोगी पडे. ती आपणहून पुसणं तेव्हा नुकसानच ठरलं असतं, म्हणून ‘क्लीन’ ही आज्ञा वापरणाऱ्याच्या हातात ठेवली गेली.

तिच्यासोबतची ‘ऑटोक्लीन’ मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत विचार करायला लावणारी आज्ञा वाटते. आता सर्व्हरवर मिळत नाहीत अशीच पॅकेजं ती पुसते; त्यांचा फारसा उपयोग नाही, असं तिचं मॅन पेज सांगतं. डिसेंबर २०००मध्ये डेबियनने आपला साठा ‘पूल’ पद्धतीवर, म्हणजे सगळ्या शाखांच्या एका सामाईक साठ्यात, नेला. एखादं व्हर्जन कुठल्याच शाखेला लागेनासं झालं की ते पूलमधून आणि मग मिररवरूनही, म्हणजे त्याच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांवरूनही, जातं. म्हणजे ऑटोक्लीन नेमक्या त्या फायली पुसते ज्या मिररवरून परत मिळणार नाहीत, आणि कधीही मिळू शकणाऱ्या फायली राखून ठेवते. स्टेबल शाखेवर चालणाऱ्या मशीनला याने फरक पडत नाही. पण सतत बदलणारी अनस्टेबल शाखा वापरणाऱ्याकडे आजच्या अपडेटने ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला, तर त्याला कालचं व्हर्जनच हवं असतं. २०१०मध्ये डेबियनची स्नॅपशॉट सेवा अधिकृतपणे सुरू झाली, तिथे जुनी व्हर्जनं तारखेनुसार मिळतात. तोवर परतीची वाट बऱ्याचदा स्वतःच्या कॅशमधूनच जात होती.

आर्च ही डिस्ट्रो वापरणाऱ्यांना हे फार चांगलं ठाऊक आहे. तिथे मिररवर फक्त चालू व्हर्जन असतं आणि तिथलं पॅकेज-साधन पॅकमन आपणहून कॅश कधीच साफ करत नाही. ‘पॅकमन -एससी’ म्हटलं की सध्या इन्स्टॉल असलेलं व्हर्जन उरतं, बाकी सगळी जातात. नुकत्याच केलेल्या अपडेटने घोटाळा झाला असेल, तर बिघडलेलं व्हर्जन तेवढं हाती राहतं आणि चांगलं निघून जातं. म्हणून पॅककॅश नावाची वेगळी स्क्रिप्ट आहे. ती प्रत्येक पॅकेजची शेवटची तीन व्हर्जनं ठेवते, त्याआधीची काढते. फाइल सर्व्हरवर आहे का, हे विचारण्यापेक्षा मागे जायला किती पायऱ्या हव्यात हे विचारणारा हा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

दुसरा ढीग डाउनलोडचा नाही, इन्स्टॉल झालेल्या पण आता कुणालाच नको असलेल्या पॅकेजांचा. एका प्रोग्रामसोबत दहा लायब्ररी येतात, प्रोग्राम काढला तरी लायब्ररी राहतात. डेबऑर्फन हे साधन कुणीही न मागितलेल्या लायब्ररी अंदाजाने शोधून देई. खरी सुधारणा झाली ती ‘हे मी मागितलं होतं की दुसऱ्यासोबत आपोआप आलं’ ही खूण प्रत्येक पॅकेजवर ठेवायला लागल्यावर. ॲप्टिट्यूड या दुसऱ्या साधनाकडे ही सोय आधीपासून होती; ‘ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेच्या रूपाने ॲप्टमधून ती डेबियनच्या स्टेबलमध्ये पोचली २००९च्या ५.० मध्ये. तिचा धोकाही लवकरच दिसला. डेस्कटॉपच्या मेटापॅकेजमधला (इतर अनेक पॅकेजं एकत्र आणणाऱ्या पॅकेजमधला) एक नकोसा खेळ काढायचा, त्याबरोबर मेटापॅकेज निघायचं, आणि मग ऑटोरिमूव्ह अख्खा डेस्कटॉप निराधार ठरवून यादीत टाकायचं. मेटापॅकेजांसाठी ॲप्टमध्ये पुढे खास नियम आले. तरी ती यादी वाचल्याशिवाय होकाराचा ‘वाय’ दाबू नये, हे मी आजही कळकळीने सांगेन.

कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, गोष्ट याहून नाजूक. डेबियन आणि उबुंटूत कर्नलच्या पॅकेजच्या नावातच व्हर्जनचा आकडा असतो, त्यामुळे नवा कर्नल जुन्याची जागा घेत नाही, शेजारी येऊन बसतो. हे जाणूनबुजून केलेलं आहे : नवा सुरू झाला नाही तर मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुना निवडता यावा. पण कर्नल जिथे राहतात त्या ‘बूट’चं वेगळं आणि लहान पार्टिशन असेल, आणि एन्क्रिप्टेड डिस्कवर ते बहुधा असतं, तर एक दिवस ते भरतं. मग होतं असं : नवा कर्नल उतरतो, त्याला सुरू होताना लागणारी इनिट्रॅमएफएस फाइल तयार होता होता जागा संपते आणि पॅकेज अर्धवट अवस्थेत अडकतं. त्यानंतर ॲप्टला काहीही सांगा, ते आधी हे अर्धवट काम पुरं करायला जातं आणि पुन्हा जागेअभावी थांबतं. साफसफाईची आज्ञासुद्धा त्यातच अडते. अशा वेळी ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल कोणता ते पाहायचं, आणि त्याला हात न लावता एखादा जुना कर्नल थेट डीपीकेजीने काढायचा. पुढे ॲप्टला चालू आणि अलीकडचे कर्नल वगळून बाकीचे ऑटोरिमूव्हच्या यादीत घालायला शिकवलं गेलं. रेड हॅटच्या बाजूला यम आणि नंतर डीएनएफ या साधनांनी हाच प्रश्न एका आकड्यात बसवला : ‘इन्स्टॉलओन्ली लिमिट’ तीन, म्हणजे चौथा आला की सर्वांत जुना जातो, चालू असलेल्याला धक्का लागत नाही.

दरम्यान इंटरनेट जलद झालं आणि मूळ समजूत उलटली. डीएनएफ इन्स्टॉलनंतर फायली ठेवत नाही. हव्या असतील तर ‘कीपकॅश’ चालू करावं लागतं. जानेवारी २०१६पासून ॲप्टच्या १.२ मालिकेत ‘ॲप्ट’ ही आज्ञाही काम झाल्यावर पॅकेज फायली पुसते, ‘ॲप्ट-गेट’ मात्र जुन्या सवयीप्रमाणे ठेवते. एकाच मशीनवर दोन वागणुकी दिसतात त्या यामुळे. कंटेनरमध्ये (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट बांधून देण्याच्या पद्धतीत) तर साफसफाई त्याच पायरीत उरकावी लागते, कारण त्याची इमेज लेयरवर लेयर, म्हणजे थरावर थर, रचून बनते आणि पुढच्या लेयरमध्ये फाइल पुसली तरी इमेजचा आकार कमी होत नाही.

जेंटू या, पॅकेजं स्वतः कंपाइल करण्यावर उभ्या डिस्ट्रोत या प्रश्नाला वेगळीच धार आहे. तिथलं जुनं बाइनरी पॅकेज बऱ्याचदा स्वतःच्या मशीनने तासन्‌तास खपून कंपाइल केलेलं असतं. ते पुसलं तर किंमत डाउनलोडची नाही, पुन्हा कंपाइल करण्याची. म्हणून ‘ईक्लीन-पीकेजी’ हे साफसफाईचं साधन एरवी सौम्य वागतं : ज्याचा ईबिल्ड (बांधणीची कृती) अजून रिपॉझिटरीत आहे ते पॅकेज ते राखतं, ‘डीप’ सांगितलं तरच इन्स्टॉल नसलेलंही काढतं. २९ डिसेंबर २०२३ रोजी जेंटूने अधिकृत बाइनरी पॅकेजं मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून तिथल्या लोकांकडे उतरवलेली आणि स्वतः बांधलेली, अशी दोन्ही तऱ्हेची पॅकेजं असतात. पहिली बेलाशक काढावीत. आपल्या यूज फ्लॅगनी, म्हणजे कुठल्या सोयी हव्यात या निवडींनी, बांधलेलं मागचं व्हर्जन मात्र, नवं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत, राहू द्यावं.