एक तार की दोन? ट्रॅम आणि ट्रॉलीबस

दादरला पूर्वेच्या बाजूला उतरून ‘टीटीला जायचंय’ म्हणणारे रोज हजारो असतील. हे टीटी म्हणजे ट्रॅम टर्मिनस. मागे माझ्या भाच्याने ‘टीटी म्हणजे ट्रॉली टर्मिनस’ असं ठोकून दिलं आणि घरात कोणालाच ते खटकलं नाही. खरं तर मुंबईची ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेऊन रुळांशिवाय चालणारी बस, धावायची गवालिया टँक ते माझगाव. दादरशी तिचा काही संबंध नव्हता. पण जुन्या फोटोत डोक्यावर तारा दिसल्या की गाडी कुठलीही असो, आपण तिला ट्रॅम म्हणून मोकळे होतो.

फोटोत आधी रस्ता बघावा. रूळ असतील तर ट्रॅम. रस्ता दिसत नसेल, गर्दीने झाकला असेल, तर वरच्या तारा मोजाव्यात. ट्रॅमला एका मार्गावर एकच तार पुरते, ट्रॉलीबसला शेजारी शेजारी दोन लागतात. कारण साधं आहे. वीज ज्या वाटेने येते, तिला परत जायलाही वाट हवी. ट्रॅममध्ये ती वरच्या तारेतून दांड्यावाटे मोटरीत उतरते आणि लोखंडी चाकांतून रुळांवाटे परत जाते. ट्रॉलीबस रबरी टायरांवर चालते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून परतीची दुसरी तार, आणि टपावर एकाऐवजी दोन दांडे.

एवढ्या एका फरकातून बाकी सगळं निघतं. ट्रॅम रुळाबाहेर बोटभरही सरकू शकत नाही. मुंबईत रूळ रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे उतारूंना वाहनांच्या गर्दीतच चढा-उतरायला लागायचं. पुढे एखादी हातगाडी अडकली की मागच्या ट्रॅमची रांग लागणार. ट्रॉलीबस मात्र तारांखालून बाजूला सरकून अडथळा चुकवते आणि फुटपाथला टेकून उभी राहते. फक्त जास्त लांब गेली की दांडे तारेवरून निसटतात, गाडी जागच्या जागी बंद पडते आणि कोणीतरी मागे जाऊन दोरीने ते पुन्हा तारेला लावेपर्यंत सगळे बसून राहतात.

वयाच्या बाबतीत तर दोघींची तुलनाच नको. ट्रॅम मुंबईत आली ९ मे १८७४ ला, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन वाटांनी. तेव्हा डोक्यावर तार नव्हतीच, पुढे घोडे होते. ट्रॅम कंपनीच्या तबेल्यांत सुरुवातीला ९०० घोडे बांधलेले असत. वीज आली १९०७ मध्ये आणि १९२० मध्ये दुमजली ट्रॅमही निघाली. मुंबईकरांना डबलडेकर म्हटलं की बसच आठवते, पण माडी आधी ट्रॅमवर चढली. बसला तिच्यासाठी १९३७ पर्यंत थांबावं लागलं.

ट्रॅमची खरी सवत होती ती साधी बस. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस सुटली. तिला ना रूळ, ना तार. उद्या नवी वस्ती झाली की परवा तिकडे बस सोडता येते, ट्रॅमसाठी आधी रस्ता खणावा लागतो. शेवटी ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे अखेरची ट्रॅम निघाली आणि तिला निरोप द्यायला लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले.

ट्रॉलीबसला असा निरोप मिळाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. ती आली १९६२ मध्ये, ट्रॅमच्या अखेरच्या दिवसांत, आणि १९७१ मध्ये वारंवारच्या बिघाडांना कंटाळून बंद झाली. नऊ वर्षं! मला तिच्याबद्दल वाईट वाटतं ते यासाठी की कल्पना वाईट नव्हती. धूर नाही, इंजिनाची घरघर नाही. पण रूळ सोडले तरी तारेचा बंध काही सुटला नाही. नुकसान दोन्हीकडचं: ट्रॅमसारखा खांब-तारांचा खर्च आणि बससारखे झिजणारे टायर. आजच्या इलेक्ट्रिक बसला ती तार बॅटरीत गुंडाळून बरोबर नेता येते, एवढंच काय ते वेगळं. नात्याने बघायचं तर ट्रॉलीबस ट्रॅमची धाकटी बहीण नाहीच, ती आजच्या एसी डबलडेकरची आत्या शोभेल.

२०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनपाशी खोदकाम चालू असताना डांबराखालून ट्रॅमचे रूळ वर आले आणि बघ्यांची गर्दी झाली. गवालिया टँकला कितीही खणलं तरी ट्रॉलीबसचं असं काही हाती लागणार नाही. तिचं जे काही होतं ते सगळं डोक्यावर होतं.